उष्टावणाचा दुसरा दिवस

मराठीत 'उष्टं' हा शब्द काही फारसा मानाचा नाही. उष्टं अन्न आपण कुणाला वाढत नाही, उष्ट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवू देत नाही. पण याच शब्दापासून आपण एक मंगल शब्द घडवला आहे, तो म्हणजे उष्टावण. जन्मल्यापासून ज्या तोंडाला दुधाखेरीज काही लागलेलं नाही, ते तोंड पहिल्यांदा अन्नाने उष्टं करायचा दिवस. संस्कृतात त्याला अन्नप्राशन म्हणतात आणि सोळा संस्कारांत त्याची गणना होते. मामाच्या मांडीवर बाळ, अंगात नवं अंगडं, डोक्याला कुंची, चांदीच्या वाटीत खीर आणि सोन्याच्या अंगठीने जिभेला लावलेला तिचा एक थेंब. हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्या अल्बममध्ये असेल.

आज मला त्या दिवसाबद्दल थोडं आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल जास्त बोलायचं आहे. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. इतिहासात संस्कार सापडतात, त्यांचे मुहूर्त आणि मंत्र सापडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी-चमचा घेऊन बाळापुढे बसलेली बाई मात्र क्वचितच सापडते. आणि मुलाची वाढ तर त्या दुसऱ्या दिवसापासूनच ठरायला लागते.

आधी जुन्या ग्रंथांत काय आहे ते पाहू. आश्वलायन आणि पारस्कर यांच्या गृह्यसूत्रांत अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. पुढे रूढीने मुलग्यांना सम महिना आणि मुलींना विषम महिना अशी वाटणी झाली. म्हणून आपल्याकडे मुलाचं उष्टावण सहाव्या किंवा आठव्या आणि मुलीचं पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात. सुश्रुतसंहितेतही सहाव्या महिन्यात हलकं आणि हितकर अन्न द्यावं असं आहे. बालकांच्या आरोग्याला वाहिलेल्या काश्यपसंहितेचा क्रम जरा निराळा आहे. तिथे सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न. म्हणजे बाळाला कधी काय द्यायचं यावर मतभेद असणं, ही काही आजची गोष्ट नाही.

खीर ही आपली आजची पद्धत. गृह्यसूत्रातली यादी वाचून मात्र काही जण दचकतील. अन्नाची समृद्धी हवी तर बोकडाचं मांस, ब्रह्मतेज हवं तर तित्तिर पक्ष्याचं, तेजस्वी व्हावं तर तूपभात, असे पर्याय आश्वलायन देतो. दही, मध आणि तूप मिसळलेलं अन्नही त्याने सांगितलं आहे. यातला मध आजचे डॉक्टर एक वर्षाच्या आत देऊ देत नाहीत, कारण त्यातून लहानग्यांना बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. पण त्या यादीतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाळाचं असं वेगळं अन्न तिथे नाही. घरात मोठी माणसं जे खातात, त्यातलंच त्याला चाखवायचं.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या आपल्या महाग्रंथात या संस्कारांचा सगळा पसारा नीट लावून ठेवला आहे. त्यात अन्नप्राशनाशी जोडलेला एक विधी येतो. मुलापुढे पुस्तकं, शस्त्रं, कारागिरीची अवजारं मांडायची आणि मूल ज्याला आधी हात लावील तो त्याचा पुढचा पोटापाण्याचा उद्योग समजायचा. आपण आजही पेन, नाणं, पुस्तक मांडतो आणि पेनाला हात लागला की कुणीतरी ओरडतंच, "डॉक्टर होणार!" भविष्याचं सोडून देऊ. पण पहिला घास आणि वस्तूकडे झेपावणारा हात, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच दिवशी जोडून ठेवल्या, हे मला फार बरोबर वाटतं.

कारण सहाव्या महिन्याच्या आसपास बाळात नेमकं हेच घडत असतं. मान सावरलेली असते. टेकूने बसता येतं. तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलायची जन्मजात सवय कमी होते. हातात येईल ते तोंडाकडे जातं. याच सुमारास आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा संपत येतो आणि एकट्या दुधावर भागेनासं होतं. शरीराला अन्न हवं असतं आणि हाताला जग हवं असतं. माझी नात आठ महिन्यांची आहे. वाटीतला मऊ भात भरवायला घेतला की ती तोंड मिटते, पण पाटावर सांडलेलं भाताचं एक शीत दोन बोटांच्या चिमटीत धरायला तिला पाच मिनिटं चालतात. ते शीत तोंडापर्यंत पोहोचतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर गड जिंकल्याचा भाव असतो. माझी मुलगी म्हणते, "आई, तिला घास नकोय, तिला चमचाच हवाय."

आता थोडं दूर, युरोप-अमेरिकेत जाऊ. कारण आपल्या किराणा दुकानातल्या बाळअन्नाच्या डब्यांचा उगम तिथे आहे. युरोपात शेकडो वर्षं तान्ह्या मुलांना पाव किंवा पीठ पाण्यात अथवा दुधात शिजवून भरवत. त्याला 'पॅप' म्हणत. ते भरवायची होडीच्या आकाराची छोटी भांडी आज वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात. १८६५ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गव्हाचं पीठ, गाईचं दूध, मोड आणलेल्या धान्याचं पीठ म्हणजे माल्ट आणि थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट घेऊन लहान मुलांचं अन्न तयार केलं. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचं आपलं मिश्रण बाजारात आणलं. स्वयंपाकघरातली गोष्ट कारखान्यात गेली ती इथे. लीबिगच्या त्या माल्टकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तेवढं ध्यानात ठेवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले डॉक्टर वर्षाच्या आत मुलाला सहसा घन अन्न देऊ देत नसत. डॉ. एमेट होल्ट यांचं १८९४ सालचं प्रश्नोत्तररूपी पुस्तक तिथल्या घराघरांत होतं, आणि त्यात घड्याळ लावून भरवण्याची शिस्त होती. मग जीवनसत्त्वांचा शोध लागला. ती मुलांना लवकर मिळावीत असं डॉक्टरांना वाटू लागलं. १९२८ साली मिशिगन राज्यातल्या गर्बर कुटुंबाच्या कारखान्याने भाज्या गाळून डबाबंद करून विकायला काढल्या. १९३१ साली टोरांटोच्या बाल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 'पॅब्लम' नावाचं झटपट होणारं धान्याचं मिश्रण तयार केलं. डबा हाताशी आला आणि वय खाली घसरत गेलं. एक वर्षाचे सहा महिने झाले, सहाचे चार, चाराचे दोन. १९५३ साली वॉल्टर सॅकेट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच धान्याची लापशी सुरू करण्याचा सल्ला छापला.

एका वर्षापासून दोन दिवसांपर्यंत! पन्नास वर्षांत मुलाच्या पोटात काही फरक पडला नव्हता. पुढे अभ्यास वाढला, लवकर दिलेल्या अन्नामुळे होणारे जुलाब आणि आईच्या दुधाचं कमी होणं पुढे आलं, आणि काटा उलटा फिरला. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने ठराव केला की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि त्यानंतर दुधाबरोबर पूरक आहार. आपल्याकडे १९९२ साली बाळांचं दूध आणि बाळअन्न यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. २००३ च्या दुरुस्तीने त्यातही सहा महिन्यांची मर्यादा आली. असं सगळं जग फिरून 'सहावा महिना' आपल्या दारी परत आला.

इथे कुणी म्हणेल, बघा, आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. मी तसं म्हणणार नाही. कारण 'कधी' या प्रश्नाचं उत्तर दिलं की काम संपत नाही. काय, किती, कसं आणि कुणी भरवायचं, हे खरे प्रश्न आणि ते दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

'कसं' या प्रश्नावर १९२६ पासून अमेरिकेत डॉ. क्लॅरा डेव्हिस यांनी एक विलक्षण प्रयोग केला. नुकत्याच दुधावरून अन्नावर येणाऱ्या बाळांपुढे त्यांनी ताट मांडलं. एकूण चौतीस पदार्थ होते. धान्य, भाज्या, फळं, मांस, अंडी, दूध. सगळे साधे, साखर घातलेलं काही नाही. जवळ बसलेल्या परिचारिकेने आपणहून काही पुढे करायचं नाही, मुलाने बोट दाखवलं तरच चमचा भरायचा. अशी पंधरा मुलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. एका मुलाचं खाणं दुसऱ्यासारखं नव्हतं. कुणी एका दिवशी नुसती अंडी मागितली, कुणी केळी. पण सगळी मुलं चांगली वाढली. मुडदूस घेऊन आलेल्या एका मुलाने तर कॉडलिव्हर ऑइल आपणहून प्यायलं आणि दुखणं बरं झाल्यावर ते सोडलं. आपल्या प्रयोगाची मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवली. ताटात काय असावं हे मोठ्यांनी ठरवलेलं होतं, त्यातलं काय आणि किती खावं हे मुलांनी. आजही बाळापुढे चमचा नाचवून "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" करणाऱ्या आपण सगळ्यांनी या वाटणीचा विचार करावा.

पण यासाठी बाळापुढे बसायला कुणीतरी हवं, आणि इथे प्रश्न 'कुणी' वर येतो. त्यासाठी आपण आपल्या मुंबईत येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणगावात हजारो बायका गिरण्यांत काम करत होत्या. बाळ रांगायला लागलं की चाळीतल्या एका खोलीत त्याच्यामागे कोण धावणार? खोलीत चूल, दाराबाहेर जिना. अनेक घरांत यावर एकच उपाय होता, बाळागोळी. अफू घातलेली छोटी गोळी. ती दिली की मूल दिवसभर गुंगीत पडून राही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ही चाल किती सर्रास होती ते नोंदलं आहे. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या वयात मुलाने जगाला हात लावायचा आणि दिवसातून चार वेळा खायचं, त्याच वयात ते झोपवून ठेवावं लागत होतं, कारण आईला भोंग्याला हजर राहायचं होतं.

१९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा झाला, देशातला असा पहिला. १९२८ मध्ये कायदेमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तो लाभ काही आठवड्यांचा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. दुधाची सोय झाली, पण उष्टावण झालं की दुसऱ्या दिवशी आई कामावर. आणि ही रजासुद्धा नोकरी करणाऱ्या थोड्यांनाच मिळते. ऊस तोडणारी, विटा वाहणारी, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणारी बाई तिच्या बाहेरच आहे. तिच्या बाळाला भरवणारे हात बहुतेक वेळा सात-आठ वर्षांच्या ताईचे असतात.

भरवायला माणूस नसलं आणि वाटीत नुसतं पाणचट अन्न असलं की काय होतं, ते जगाला नीट समजलं १९३३ साली. डॉ. सिसिली विल्यम्स तेव्हा आफ्रिकेत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करत होत्या. एक ते चार वर्षांची मुलं त्यांच्याकडे येत. पाय सुजलेले, केस तांबूस आणि विरळ, कातडी सोललेली, चेहरा चिडका. तिथल्या गा भाषेत बायका या दुखण्याला 'क्वाशिओरकोर' म्हणत. दुसरं बाळ आलं की पहिल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरून तोडलेल्या त्या मुलाला मिळत होतं ते मुख्यतः मक्याचं अन्न. डॉक्टरांनी पुस्तकात तोच शब्द घेतला, आणि आयांनी केलेलं निदान वैद्यकशास्त्राचं नाव झालं.

आता घट्ट आणि पातळ याचा हिशेब करू, कारण सगळी गोष्ट इथे येऊन थांबते. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती? वजनाच्या दर किलोला साधारण तीस मिलिलिटर. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट दोनशे मिलिलिटरच्या आसपास, एक मध्यम वाटी. सहा ते आठ महिन्यांत दुधाखेरीज रोज सुमारे दोनशे, नऊ ते अकरा महिन्यांत तीनशे आणि वर्षानंतर साडेपाचशे कॅलरी अन्नातून मिळायला हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आपण काय देतो? भाताची निवळ. वरणावरचं पाणी. पातळ पेज. वाटी रिकामी होते, बाळ ढेकर देतं, आजी समाधान पावते. पण त्या वाटीत मुख्यतः पाणी असतं. पोट भरतं, वजन वाढत नाही. घट्ट करावं तर बाळाला गिळत नाही. ही अडचण खरी आहे.

तिच्यावरचा एक उपाय आपल्याच घरांत होता. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची. त्या पिठाची खीर करून बाळाला द्यायची. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे आपण ऐकलेलं असतं. मोडांचं महत्त्व मात्र फारसं कुणी सांगत नाही. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अमायलेज नावाचं पाचकद्रव्य तयार होतं आणि ते पिठूळ भाग फोडतं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवून दिलं. दाट शिजवलेल्या लापशीत मोड आणलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ घातलं की ती सैल होते. वरून पाणी घालावं लागत नाही. मूल गिळू शकतं आणि तेवढ्याच वाटीत जास्त अन्न पोटात जातं. लीबिगने १८६५ साली आपल्या मिश्रणात माल्ट घातला होता, तो याच गुणासाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही भाजलेला गहू, भाजलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ यांचं मिश्रण कुपोषित मुलांसाठी सुचवलं. त्यातलं काहीही डब्यातून विकत आणावं लागत नाही.

असं सगळं माहीत असून आज आपण कुठे आहोत? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी दुधाबरोबर घन किंवा निमघन अन्न मिळणारी मुलं जेमतेम ४६ टक्के होती. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार, म्हणजे पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचं अन्न मिळणारी मुलं फक्त ११ टक्के. आणि हे केवळ गरिबांचं दुखणं नाही. खात्यापित्या घरांतही हे प्रमाण फारसं वर जात नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला रुजवलेला 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने देशभर नेला. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तिथून घरी शिधा मिळतो. पण दोन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत बसून जेवत नाही. ते घरी जेवतं, कुणाच्या तरी मांडीवर.

उष्टावणाचा फोटो एकच निघतो. त्यानंतर मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, दिवसाला तीन-चार म्हटल्या तरी, दीड-दोन हजार वाट्या भरवाव्या लागतात. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. त्या एकट्या आईने भराव्यात असं कुठल्याही गृह्यसूत्रात लिहिलेलं नाही. उष्टावणाला मांडी देणारा मामा दुसऱ्या दिवशीही मांडी देऊ शकतो. बाबा आणि आजोबाही देऊ शकतात. बाळाला हातात एक चमचा द्या, चार शितं सांडू द्या. आणि वरणाच्या पातेल्यात डाळ तळाशी बसते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बाळाच्या वाटीत वाढताना पळी तळापर्यंत जाऊ द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)